घडीत गेलेला चेहरा

“ताई, बाईचं नाक घडीत गेलं.”

मशीनवरच्या मामांनी ताव तीन घड्या घालून माझ्यापुढे धरला आणि सहावं-सातवं पान उघडलं. दोन पानांवर पसरलेली चौकट होती. डावीकडे कंदील, उजवीकडे ओसरी आणि बरोबर मधोमध, दोन पानांच्या फटीत, नायिका. ही सोळा पानांच्या फर्म्याची मधली जोडी असती, आठवं-नववं पान, तर चेहरा निदान सलग छापला गेला असता. सहावं आणि सातवं तावावर दोन टोकांना बसतात. घडी मिलिमीटरभर सरकली की नाक दोनदा दिसणार, नाहीतर दिसणारच नाही. दिग्दर्शकाने बाईला पडद्याच्या मध्यावर बसवलं यात त्याची चूक नव्हती, पडद्याला घडी नसते. चूक माझी होती. वीस वर्षं पुस्तकांची मांडणी करूनही मी संगणकाच्या पडद्यावर ती चौकट बघून हुरळले होते.

काम होतं एका मराठी चित्रपटाच्या सोबतीच्या पुस्तकाचं. चित्रपट कादंबरीवरून केलेला. निर्मात्यांच्या कचेरीत त्याला ‘कॉफी टेबल बुक’ म्हणत. मी मनातल्या मनात सोबतीचं पुस्तक म्हणायचे, कारण ते ज्या घरांत जाणार होतं त्यांतल्या बहुतेक घरांत कॉफी टेबल नाही.

या प्रकाराला आपल्याकडे फारशी परंपरा नाही. होती ती गाण्यांच्या पुस्तिकेची. थिएटरबाहेर मिळणारी चार-आठ पानं, त्यात गाणी, नामावली आणि ऐन रंगात येताच ‘पुढचं पडद्यावर पाहा’ म्हणून थांबणारी कथा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने अशा पुस्तिका जपून ठेवल्या आहेत. दुसरी वाट म्हणजे कादंबरीची नवी आवृत्ती काढायची आणि मुखपृष्ठावर नट-नटीचा फोटो टाकायचा. अशी दोन मुखपृष्ठं मीही केली आहेत. खपली चांगली. पण त्या कादंबऱ्यांच्या जुन्या प्रती माझ्याकडे आहेत, मी त्याच वाचते.

मामांनी दाखवलेला ताव पिशवीत घालून घरी आले आणि कपाटातून ‘द पथेर पांचाली स्केचबुक’ काढलं. अडलं की मी ते काढते. २०१६ साली हार्परकॉलिन्सने छापलेलं, संदीप राय यांनी संपादित केलेलं. त्यात सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’ या चित्रपटाच्या चित्रीकरणाआधी काळ्या शाईच्या वॉशने काढलेल्या चौकटी आहेत. चित्रपटाची रीतसर, पूर्ण पटकथा त्यांनी कधी लिहिलीच नाही. टिपणं होती आणि ही वही होती. निर्मात्यांकडे जायचं ते ती घेऊन. पुरतील एवढे पैसे कोणी दिले नाहीत. चित्रपट अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने पुरा झाला. वही पुढे राय यांनी पॅरिसच्या सिनेमाथेक फ्रान्सेजला दिली.

मला त्या वहीच्याही आधीचा टप्पा जास्त जवळचा वाटतो, कारण तिथे राय माझ्याच धंद्यात होते. १९४३ साली ते कलकत्त्यात डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत महिना ८० रुपयांवर लागले. दिलीपकुमार गुप्ता यांच्या सिग्नेट प्रेसची मुखपृष्ठंही करत. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘पथेर पांचाली’ ही कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपात आली होती. सिग्नेटने तिची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढायची ठरवली, ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. तिची चित्रं राय यांनी केली. त्यातली कितीतरी चित्रं दहा-अकरा वर्षांनी पडद्यावर हलू लागली.

कादंबरी चित्रांसाठी वाचणं हे साधं वाचणं नव्हे. हातात पेन्सिल असते. भाषा कितीही सुंदर असो, तिथे खूण होत नाही. खूण होते ती कोणी वाकलं, कोणी दाराआड उभं राहिलं, कोणाच्या हातात काय आहे, अशा जागी. शंभर पानं वाचून हाती दहा-बारा जागा लागतात. राय यांनी ही चाळणी आधी पुस्तकासाठी लावली आणि मग तीच कॅमेऱ्यासाठी. म्हणजे त्या चित्रपटाचं सचित्र पुस्तक चित्रपटाच्या आधी निघालं. आपण सगळे उलट्या बाजूने चालतो. चित्रपट तयार झाला, आता पुस्तक करा, तारीख ठरली आहे!

१९५० साली जाहिरात कंपनीने राय यांना लंडनला पाठवलं. परतीच्या बोटीवर त्यांनी चित्रपटाचा आराखडा लिहायला घेतला. २७ ऑक्टोबर १९५२ रोजी काश गवताच्या पांढऱ्या फुलांच्या माळावर पहिलं चित्रीकरण झालं. पुढच्या खेपेला जाऊन पाहतात तर गुरांनी फुलं फस्त केलेली. उरलेला भाग पुढच्या वर्षी, फुलं पुन्हा आली तेव्हा. कागदावरच्या काशाला गुरं तोंड लावत नाहीत, हा रेखाटनाचा एक व्यावहारिक फायदा.

त्याच माळापलीकडून आगगाडी जाते. चित्रपटात अपू आणि त्याची बहीण दुर्गा तिच्या दिशेने धावतात. कादंबरीतल्या दुर्गेला मात्र आगगाडी दिसतच नाही. बरी झाल्यावर गाडी दाखवशील का, असं ती भावाला विचारते आणि ते राहून जातं. कादंबरी मनात धरून बसलेल्या वाचकाला सोबतीच्या पुस्तकात या जागी काय द्यायचं? चित्रपटातला चकचकीत फोटो छापला तर कादंबरी खोटी ठरते. ब्रशने झरझर ओढलेली चौकट मात्र एवढंच सांगते की इथे एका माणसाला असं दिसलं. वाचकाची दुर्गा तिच्या जागी राहते.

हे कळायला मला माझ्या पुस्तकातली बाई घडीत घालवावी लागली. आधी मी ती चौकट कापली. कंदील गेला, बाई उजव्या पानावर सरकली. दिग्दर्शकाने प्रूफ बघून शांतपणे म्हटलं, “हा माझा शॉट नाही.” बरोबर होतं. पान सव्वासात बाय साडेनऊ इंचांचं, पडद्याची चौकट उंचीच्या २.३५ पट रुंद. एका पानात बसवली तर जेमतेम तीन इंचांची पट्टी उरते. दोन पानांवर ताणली तर ती पडद्यावरून उचललेली चौकट: २०४८ पिक्सेल साडेचौदा इंचांवर, म्हणजे इंचाला दीडशेही नाहीत, आणि ऑफसेट छपाईला तीनशे लागतात. स्थिरचित्रकाराचे फोटो मोठे होते, पण तो कॅमेऱ्याच्या शेजारी उभा राहतो. त्याच्या फोटोत बाई दुसरीकडेच बघते. शिवाय प्रसंग रात्रीचा. पडद्यावरची निळी रात्र चार शाईंत आली की चिखल होते. राय यांचं बरं होतं, त्यांची चौकट १.३७ ची. वहीच्या पानावर सुखाने बसते. शेवटी मी तीन इंचांची पट्टीच ठेवली, वरखाली कोरा कागद. एवढी जागा वाया का, असं कचेरीतून फोनवर विचारण्यात आलं.

मग एकदा मी दिग्दर्शकाला विचारलं, “सर, तुम्ही शूटिंगआधी काही काढलं होतं का?” त्याने लाजत एक दोनशेपानी वही काढली. रेघी पानांवर बॉलपेनच्या चौकटी, काडीची माणसं, बाण, मधेच धोब्याचा हिशेब. “अहो, हे काय छापायचं? काड्या आहेत नुसत्या.” त्या काड्यांत विहिरीचा प्रसंग होता. कादंबरीत चार पानांचा, वाचकांच्या तोंडी असलेला. पैसे संपले म्हणून चित्रपटात तो आलाच नाही.

कचेरीला रंगीत फोटोच हवे होते. मी कलेची भाषा केली नाही. म्हटलं, शेवटचा फर्मा आर्ट पेपरऐवजी साध्या मॅप्लिथो कागदावर, एका रंगात घेऊ, खर्च वाचेल. लगेच होकार आला.

पुस्तक १४४ पानांचं झालं. शेवटच्या सोळा पानांत ती वही आहे, धोब्याचा हिशेब काढलेला नाही. विहिरीचा प्रसंग १३८व्या पानावर. विहीर, दोर आणि पाठमोरी बाई.