न्यूयॉर्कची खेप, मुंबईची खेप

वेस्ट विंडसरहून न्यूयॉर्क किती लांब, असं बाबा पुण्याहून फोनवर विचारतात. प्रिन्स्टन जंक्शनहून रेल्वेने साधारण ७७ किमी, सव्वा तास. पुणे-मुंबई १९२ किमी, डेक्कन क्वीनला तीन तास दहा मिनिटं. भागाकार करून बघा मंडळी, दोन्हीकडे ताशी साठ-एकसष्ट! शिवाय आपली राणी १९३० पासून बोरघाट चढते-उतरते, इथे सगळं सपाट.

आता धूर. एक गॅलन पेट्रोल जळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (पेट्रोल तर तीन किलोही भरत नाही! बाकीचं वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचं.) गॅलनला २५ मैल देणारी गाडी न्यूयॉर्कपर्यंतच्या ५० मैलांत जवळपास १८ किलो सोडते. एकटा गेलो तर सगळे माझ्या नावावर, चौघे बसलो तर माणशी साडेचार.

दोन्हीकडच्या रेल्वे विजेवरच्या. न्यू जर्सीची वीज मुख्यतः नैसर्गिक वायू आणि अणुशक्तीची, महाराष्ट्रात अजून कोळसा जास्त. तरी भरलेली रेल्वे एकट्याच्या कारपेक्षा केव्हाही बरी.

घोडं पेंड खातं ते रविवारी. पोरांना म्युझियम दाखवायचं, तर चार तिकिटं एकीकडे; दुसरीकडे पेट्रोल, बोगद्याचा टोल, पार्किंग आणि जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरायचं शुल्क. मी टाइमटेबल बघतोय, बायको गाडीच्या किल्ल्या शोधतेय.