कागद एकटा असतो

जालना,
१७ सप्टेंबर

चि. ताईस,


आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन उरकलं, दुकान बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसलो. परवा फोनवरचं आपलं भांडण अर्धवट राहिलं. तू म्हणालीस, “मामा, हे फाइल फॉरमॅटचे वाद रिकामटेकड्यांचे. मी इथे जर्मनीत मोडक्यातोडक्या जर्मनवर वॉर्ड सांभाळते आणि तुम्ही .डॉकएक्स की .ओडीटी यावर डोकं फोडता. काम भागलं की झालं.” एवढं बोलून तू ड्यूटीवर पळालीस. माझं उत्तर राहिलं, ते आता घे.

आधी तुझी बाजू. जर्मनची बी-टू परीक्षा पास होऊनही सुरुवातीला वॉर्डातलं बोलणं तुझ्या डोक्यावरून जायचं, कारण स्टुटगार्टकडचे आजी-आजोबा पुस्तकातली जर्मन बोलत नाहीत, श्वाबी बोलतात. त्यात डॉक्टरांची लांबलचक वाक्यं आणि क्रियापद पार शेवटाला. गोळी द्यायची की बंद करायची, हे वाक्य संपल्याशिवाय कळायचं नाही. मराठीतलं ‘नाही’सुद्धा शेवटीच येतं, म्हणून शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय आपल्याला असते, हे तूच सांगितलंस. तरीही अडलंच तर “पुन्हा सांगा, सावकाश” म्हणतेस, बोटाने दाखवतेस, आकडा वहीत लिहून समोर धरतेस. समोरचा मान डोलावतो, भागतं.

पण तुझं भागतं ते समोर माणूस आहे म्हणून. तुझ्या वाक्यात राहिलेलं तो आपल्या मनाने भरून घेतो. कागदाच्या नशिबी हे नाही. लिहिणारा निघून गेल्यावर तो वाचला जातो, अनेकदा लिहिणारा वारल्यावर. त्याला “सावकाश सांगा” म्हणून उपयोग नसतो.

हे आमच्या जिल्ह्याने २०२३मध्ये चांगलंच अनुभवलं. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण गाजलं, सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, मला त्यातली फक्त कागदाची गोष्ट सांगायची आहे. खासरा पत्रं, पाहणीपत्रं, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या असं सगळं रेकॉर्ड रूममधून बाहेर आलं. काही उर्दूत, काही मोडीत, आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं. त्यात ५९० मिळवायचे तेव्हा कुठे इसवी सन हाती लागणार. १३४४ फसली म्हणजे १९३४च्या आसपासचं. पणजोबांचं नाव असलेला कागद पणतवाच्या हातात, आणि त्याला तो उलटा धरलाय की सुलटा हेही कळेना. मग उर्दूचे जाणकार शोधा, मोडी वाचणारे शोधा, अशी धावपळ.

तरी ते कागद वाचले गेले. कारण मोडी अवघड आहे, पण गुप्त नाही. तिची बाराखडी, वळणं, जोडाक्षरं पुस्तकांत दिलेली आहेत, वर्ग चालतात, शिकायला कुणाची परवानगी लागत नाही. २०१४पासून तर युनिकोडमध्येही तिला जागा मिळाली आहे.

आता माझ्या दुकानात ये. नव्वदच्या दशकात लग्नपत्रिका, स्मरणिका, हँडबिलं असं काय काय आम्ही डीटीपीवर केलं. तेव्हाच्या मराठी फॉन्टची युक्ती अशी, की कॉम्प्युटर आपला इंग्रजी अक्षरं साठवायचा आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं दाखवायचा. कुठल्या अक्षरामागे कुठलं चित्र, हे ज्या त्या कंपनीचं वेगळं. एका शाळेच्या स्मरणिकेची फाइल माझ्याकडे सीडीवर आहे. ती उघडते, समास आणि चौकटी जिथल्या तिथे दिसतात, मजकुरात मात्र नुसते कंस, डॉलर आणि प्रश्नचिन्हं. तो फॉन्ट विकणारे राहिले नाहीत, सोबतचं डोंगलही मेलं. कन्व्हर्टर लावावा तर वेलांट्या घसरतात. आम्ही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायचो आणि युनिकोड ती अक्षरानंतर साठवतो. म्हणजे बघ, निजामाच्या पटवाऱ्याचा कागद वाचता येतो आणि मी स्वतः टाइप केलेला वाचता येत नाही.

युनिकोडने ही अक्षरांची भानगड मिटवली. तिथे ‘ज’चा क्रमांक २३३२, ‘ल’चा २३५४, मग कॉम्प्युटर जालन्यातला असो की जर्मनीतला. तक्ता सगळ्यांसाठी खुला आहे. २००९मध्ये भारत सरकारनेही ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवलं.

राहिलं ते पानाचं: तक्ते, तळटिपा, समास कसे साठवायचे. तुझ्या दृष्टीने रिकामटेकडा वाद तो हाच. ओडीएफला (.ओडीटी त्यातलंच) २००६मध्ये आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. मग मायक्रोसॉफ्टने आपलं ओओएक्सएमएल (.डॉकएक्स त्यातलं) पुढे केलं, सुमारे ६००० पानांचं. भारताने ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्समार्फत २००७मध्ये त्याला ‘नाही’ म्हटलं आणि २००८मध्येही मत बदललं नाही. तरी ते मंजूर झालं. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. विरोधकांचा एक आक्षेप मला फार पटतो. त्या मसुद्यात ‘वर्ड ९५ जसं अंतर सोडतं तसं सोडा’ अशा धर्तीच्या नोंदी होत्या, पण वर्ड ९५ नेमकं कसं सोडतं, याचा खुलासा नव्हता. नियम छापलेला, किल्ली कंपनीच्या खिशात!

तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. .डॉकएक्स आता मानकच आहे, लिब्रेऑफिसमध्ये ते उघडतं आणि वर्डमध्ये .ओडीटीही उघडतं. म्युनिकच्या पालिकेने लिनक्सचा संसार थाटला आणि २०१७मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. सवयीपुढे कुणाचं चालतं? पण तुमच्याच उत्तरेकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४मध्ये सुमारे ३०,००० कॉम्प्युटर लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. तिथलं सरकार काही रिकामटेकडं नाही ना?

माझं म्हणणं एवढंच. बोलण्यात, चिठ्ठीचपाटीत मोडकंतोडकं बेलाशक चालू दे. तिथे माणूस माणसाला सांभाळून घेतो. पण ज्या कागदावर कुणाची जमीन, जात, नोकरी नाहीतर औषध ठरणार आहे, त्याच्या वाचनाचा नियम उघड्यावरच हवा. तो अवघड असेना का. जर्मनही अवघडच होती, पण तिचं व्याकरण कुणी कपाटात कुलूपबंद ठेवलं नव्हतं, म्हणून तर तू शिकलीस.

घरी सगळे ठीक. मोसंबीला यंदाही फळगळ आहे, तुझे पप्पा वैतागलेत. एक काम कर. फेब्रुवारी २०२४मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने तुमच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी १०,००० कुशल कामगार पाठवायचा करार केला. तू त्याआधीच गेलीस, पण इकडची पोरंपोरी आता जर्मन शिकायचं मनावर घेतायत आणि मला तुझा पत्ता विचारतात. वॉर्डात अडलं तेव्हा तू वहीत लिहून ठेवलेली वाक्यं, समोर मराठी अर्थ देऊन, टाइप करून पाठव. .ओडीटीत पाठवलीस तर मला बरं वाटेल. कंटाळा केलास तर .डॉकएक्सही चालेल, पण मराठी युनिकोडमध्येच हवं. तिथे मी ऐकणार नाही.

तुझा,
मामा