स्टाफरूममधलं अर्धं वाक्य

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या धाकट्या वन्सं ऑफिसमधून थेट आमच्याकडेच आल्या. पर्स सोफ्यावर टाकली आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून रडायलाच लागल्या. त्यांना नोकरी लागून जेमतेम वर्ष झालंय. शेजारच्या टेबलावरची बाई साहेबांकडे चुगल्या करते, यांनी केलेलं काम आपल्या नावावर दाखवते, डबा खाताना मुद्दाम दुसरीकडे जाऊन बसते. एक का दोन! मी आमटीला फोडणी देता देता ऐकत होते. शेवटी डोळे पुसून त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचं बरं आहे. शाळेत असलं काही राजकारण नसतं."

मला हसूच आलं. शाळेत राजकारण नसतं! गॅस बंद केला, दोघींना चहा टाकला आणि आजवर ह्यांच्याशिवाय आणि सासूबाईंशिवाय कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते आहे. यात मी काही फार शहाणपणाने वागले असं नाही, हे आधीच कबूल करते.

मी बी.ए., मराठी घेऊन. लग्न झालं, दोन मुलं झाली आणि अकरा वर्षं घरातच गेली. बी.एड. करायचं राहूनच गेलं. मग २०२० साली महाराष्ट्रात सगळ्या शाळांना मराठी सक्तीची करणारा कायदा झाला. पहिली आणि सहावीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वरच्या वर्गांना ती लागू होणार होती. त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या शाळांना मराठी शिकवणाऱ्या बायकांची गरज पडू लागली. आमच्या नाशिकमधल्याच एका शाळेत २०२२ च्या जूनमध्ये मी तासांवर रुजू झाले. आठवड्याला अठरा तास, तासाला दीडशे रुपये. सुट्टी पडली की पैसेही नाहीत. पण पहिल्या महिन्याचं पाकीट हातात आलं तेव्हा मी ते देवापुढे ठेवलं होतं, खोटं कशाला सांगू?

माझ्यासारख्याच तासांवर असलेल्या आणखी एक बाई होत्या. आम्ही त्यांना हिंदीच्या मॅडम म्हणायचो. पाचवी ते सातवीचं हिंदी त्यांच्याकडे आणि सातवीच्या एका तुकडीचं मराठीही त्यांच्याकडेच. त्या एम.ए. झालेल्या, माझ्यापेक्षा चार वर्षं आधी लागलेल्या. पहिली दोन वर्षं आमचं चांगलं जमलं. एका कपाटाच्या दोन फळ्या, एकच किल्ली, मधल्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यातली भाजी. गॅदरिंगचं नाटुकलंही दोघींनी मिळून बसवलं.

मग २०२४ चा जून आला. कॉलनीच्या टोकाला नवी शाळा निघाली होती. आमच्या पाचवीच्या तीन तुकड्यांच्या दोन झाल्या. तुकडी बंद झाली की काय होतं, हे शाळेत असलेल्या मैत्रिणींना सांगायला नको. कायम शिक्षकांचे तास आधी भरायचे आणि उरलेले आमच्यासारख्यांत वाटायचे. माझे अठराचे तेरा झाले, त्यांचेही चार गेले. आणि तिथूनच आमचं बिनसलं. भांडण झालं नाही, बरं का. नुसतं कपाट उघडताना "किल्ली द्या" एवढंच. डबे आपापले.

अशा वेळी मधे कुणीतरी लागतंच. विज्ञानाच्या मॅडम जुन्या, सगळ्यांत मिळून मिसळून असणाऱ्या. एके दिवशी वह्या तपासताना हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सांगू नये, पण हिंदीच्या मॅडम म्हणत होत्या, बी.ए. करून अकरा वर्षं घरीच तर होत्या त्या!"

झालं! माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. अकरा वर्षं घरी होते म्हणजे काय झोपा काढत होते? रात्री भाकऱ्या थापताना तेच, मुलीचा अभ्यास घेताना तेच. ह्यांना दहा वेळा सांगितलं. शेवटी हे म्हणाले, "अगं, त्यांनाच विचार की." पण सरळ विचारेल ती मी कसली! त्या दिवसापासून मी हिंदीच्या मॅडमची प्रत्येक गोष्ट मोजायला लागले. त्या किती वाजता आल्या, त्यांच्या वर्गाचा किती गोंगाट होतो, कुणाशी किती वेळ बोलतात.

आणि मोजायला लागलं की सापडतंच. त्यांना उशीर व्हायला लागला होता. आमची शाळा सकाळची, पहिला तास सात वीसचा. सप्टेंबरमध्ये एका मंगळवारी त्यांचा वर्ग दहा-पंधरा मिनिटं तसाच होता. मुलं बाकांवर उभी. सुपरवायझर मॅडम जिन्यात भेटल्या आणि त्यांनी मला सहज विचारलं, "त्या आज आल्या नाहीत का?"

मला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. "येतीलच, तोवर मी बघते वर्गाकडे," असंही म्हणता आलं असतं. पण मी म्हणाले, "त्यांचं हल्ली असंच असतं."

चारच शब्द. खोटं एकही नव्हतं त्यात.

पुढच्या सोमवारी नवं वेळापत्रक लागलं. सातवीचे मराठीचे सहा तास त्यांच्याकडून काढून माझ्या नावावर आले होते. हिशोब माझ्या मनात तिथल्या तिथे झाला. महिन्याचे चोवीस तास, छत्तीसशे रुपये! मुलीच्या गणिताच्या क्लासची फी निघाली. येताना मी पाव किलो पेढे आणले. सासूबाईंनी विचारलं, "कशाचे गं?" मी म्हटलं, "माझे तास वाढले." कुणाचे कमी झाले ते काही मी बोलले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंचे रक्ताचे रिपोर्ट आणायला मी हॉस्पिटलमध्ये गेले होते. वरच्या मजल्यावर डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर हिंदीच्या मॅडम बसलेल्या. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, शेजारी डब्याची पिशवी. मला पाहून त्यांनी पिशवी उचलून जागा केली. त्यांच्या सासूबाईंना मे महिन्यापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर ठेवावं लागत होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. चार-चार तास चालायचं. पहाटे उठून त्यांना तिथे सोडायचं, दीर येईपर्यंत थांबायचं आणि मग शाळा गाठायची.

"शाळेत सांगितलं नाहीत का तुम्ही?" मी विचारलं.

"सांगितलं की! जूनमध्येच विज्ञानाच्या मॅडमना म्हटलं होतं, सुपरवायझर मॅडमच्या कानावर घाला म्हणून. माझं तोंड उघडेना हो. आधीच तास कमी झालेले, त्यात सवलत कुठल्या तोंडाने मागू?" मग जरा थांबून म्हणाल्या, "असो. सातवीचे तास तुमच्याकडे गेले ते एका परीने बरंच. मी तर त्यांना मागेच म्हटलं होतं, बी.ए. करून अकरा वर्षं घरीच तर होत्या त्या, पण व्याकरण बघा कसलं पक्कं आहे!"

मैत्रिणींनो, मला पुढचं वाक्य सुचेना. तेच वाक्य! शब्दन्‌ शब्द तोच. फक्त माझ्यापर्यंत अर्धंच पोचलं होतं. आणि मी सुपरवायझर मॅडमना दिलं होतं तेही अर्धंच, कारण "असं का होतं" हे विचारायची तसदी मी घेतली नव्हती.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे, तू काय मुद्दाम केलंस? पण त्या म्हणाल्या, "पेढे त्याचेच होते का गं?" आणि पुन्हा माळ ओढू लागल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी मी सुपरवायझर मॅडमकडे गेले. पाय लटपटत होते. छत्तीसशे रुपये डोळ्यांपुढे होते, तेही कबूल करते. मी म्हटलं, "मॅडम, मी त्या दिवशी अपुरं बोलले. त्यांच्या उशिराला कारण आहे, ते त्यांनाच विचारा. आणि जमत असेल तर मंगळवार-शुक्रवारचा त्यांचा पहिला तास मी घेते, माझा चौथा त्यांना द्या." त्यांनी दोघींना एकत्र बोलावलं. सहाच्या सहा तास काही परत मिळाले नाहीत. तीन त्यांच्याकडे गेले, तीन माझ्याकडे राहिले. वर्षाच्या मधे एवढंच होऊ शकतं म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात मी हिंदीच्या मॅडमना सगळं सांगितलं. ते चार शब्दही सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं. "सांगितलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या. पुढचे दोन महिने कामापुरतंच बोलल्या. मला वाईट वाटलं, पण त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही.

विज्ञानाच्या मॅडमवर तरी काय रागवायचं? एकीचा निरोप त्या विसरल्या, दुसरीचं वाक्य अर्ध्यावर तोडून आणलं. कान तर मीच पुढे केला होता!

या सगळ्यातून मी शिकले ते वन्संना सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

कुणी आपल्याबद्दल काही बोललं असं कळलं, तर ऐकलेलं वाक्य पुरं आहे का, हे ज्याचं त्याला विचारावं. अवघड वाटतं, पण रात्र-रात्र जागण्यापेक्षा ते सोपं. हळदीचा डाग पडला की आपण घाईघाईने साबण लावतो आणि तो आणखी लालभडक होतो. तोच कपडा धुऊन उन्हात टाकला की डाग फिका पडत जातो. ऐकीव गोष्टींचंही तसंच आहे. कोपऱ्यात घासत बसू नका, उजेडात आणा.

वरिष्ठांनी दुसरीबद्दल सहज विचारलं तर "मला माहीत नाही, त्यांनाच विचारते" हे उत्तर पाठ करून ठेवा. सहज विचारलेल्या प्रश्नांतूनच वेळापत्रकं बदलतात. आणि आपली स्वतःची अडचण असेल तर ती कुणाच्या हाती निरोप म्हणून देऊ नका. दोन ओळींची चिठ्ठी लिहा, तारीख घाला, एक प्रत आपल्याजवळ ठेवा. हिंदीच्या मॅडमनी तेवढं केलं असतं तर माझ्या चार शब्दांना काही किंमतच राहिली नसती.

आणखी एक. भांडण नेमकं कशाचं आहे ते शांतपणे पाहावं. आम्हा दोघींचं वैर मुळात नव्हतंच. तास कमी पडले, ते वाटणारं कुणी तिसरंच, आणि आम्ही एकमेकींच्या ताटात बघत बसलो. खासगी शाळांतल्या कायम शिक्षकांसाठी १९८१ ची नियमावली आहे. त्यांची सेवाज्येष्ठतेची यादी करायची असते, ती सगळ्यांना दाखवून सह्या घ्यायच्या असतात. कोण आधी, कोण नंतर, हे कागदावर असतं. तासांवरच्या आम्हा बायकांना असा कागद मिळत नाही. म्हणून मग सगळं कानावर आणि मर्जीवर चालतं. गेल्या वर्षापासून आम्ही दोघी मिळून सुपरवायझर मॅडमना जूनमध्येच विचारतो, "कुणाला किती तास आणि का, ते लिहून द्या." त्या देतात. विचारलं म्हणून देतात!

मात्र सगळंच मुकाट्याने समजून घ्या असं माझं म्हणणं नाही. रुसवेफुगवे वेगळे आणि अन्याय वेगळा. कामाच्या जागी कुणी पुरुष नको तसा वागत असेल, तर ते "राजकारण" म्हणून सोडून देऊ नका. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा आहे. तिथे बेलाशक जा.

चहा संपला तेव्हा वन्संचं रडं थांबलं होतं. त्यांनी विचारलं, "मग त्या मॅडम आता बोलतात का वहिनी?"

बोलतात. पूर्वीसारखं नाही, पण बोलतात. त्यांच्या सासूबाई मागच्या श्रावणात गेल्या, तेव्हा मी चार दिवस त्यांचे तास घेतले आणि मस्टरवर ते त्यांच्याच नावावर लावायला सांगितले. मंगळवार-शुक्रवारचा पहिला तास अजूनही मीच घेते. आता गरज नाही, पण दोघींपैकी कुणीही तो बदलून घ्या म्हटलेलं नाही.

वन्सं दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "वहिनी, आज डबा बरोबर खाल्ला." म्हटलं, चला, सुरुवात तर झाली!