आधीं आंकडा, मग माणूस

वार्ता दुसऱ्याच्या तोंडून ऐकणें निराळें आणि स्वतः वाचणें निराळें. सांगणारा माणूस वार्तेबरोबर आपला चेहराही आणतो, आणि पुष्कळदां ऐकणारा प्रथम चेहराच वाचतो. आमच्या नित्याच्या रुग्णालयानें रक्ततपासणीचे अहवाल देण्याची रीत अलीकडे बदलली, तेव्हांपासून हा विचार आमच्या मनांत वारंवार येतो. पूर्वी कागद प्रथम डॉक्टरांच्या हातीं जाई. ते तो चाळीत आणि चष्मा कपाळावर सारून ‘ठीक आहे’ किंवा ‘जरा बघावें लागेल’ असें म्हणत. आतां यंत्राचें काम संपतांच आंकडे थेट मोबाईलवर येतात. मग ते डॉक्टरांनीं पाहिलेले असोत वा नसोत.

हा बदल वाईट आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. रक्त आमचें, तेव्हां त्याचा हिशेबही आमचाच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीं, रुग्णानें मागितल्यास त्याचे कागद ७२ तासांच्या आंत देण्याचें बंधन डॉक्टरांवर घातलें. अमेरिकेंत ५ एप्रिल २०२१ पासून असे अहवाल विनाविलंब रुग्णास खुले करण्याचा नियम अमलांत आला. तेथें आपले अहवाल संगणकावर पाहणाऱ्या आठ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली. डॉक्टरांची वाट न पाहतां अहवाल मिळावा, असेंच त्यांतील शेंकडा ९६ जणांनीं सांगितलें.

परंतु आंकड्याला बोलतां येत नाहीं. आमच्या वडील भगिनींची मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीं रक्ततपासणी झाली. शनिवारीं रात्रीं अकरा वाजतां अहवाल आला : प्लेटलेट्स ४८,०००, आणि शेजारीं तांबडी खूण. सामान्यतः ही संख्या दीड ते साडेचार लाख असते. रुग्णालयाचा फोन कोणी उचलला नाहीं. ताईंनीं कपाटाच्या किल्ल्या आमच्या सौभाग्यवतीच्या हातीं दिल्या आणि कोणते कागद कोठें आहेत, तें शांतपणें सांगितलें. दोन रात्री घरांत कोणाचाही डोळा लागला नाहीं. सोमवारीं डॉक्टरांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं रक्त पाहविलें. रक्त गोठूं नये म्हणून नळींत जें द्रव्य घालतात, त्यामुळें कांहीं माणसांच्या प्लेटलेट्स एकमेकींस चिकटतात आणि यंत्राला त्या मोजतां येत नाहींत. सायट्रेटच्या नळींत पुन्हां रक्त घेतलें, तों संख्या दोन लाखांवर! शस्त्रक्रिया पार पडली. किल्ल्या मात्र ताईंनीं अद्याप परत घेतलेल्या नाहींत.

ह्या तांबड्या खुणेचें गणितही कोणी सांगत नाहीं. निरोगी माणसांपैकीं मधल्या शेंकडा ९५ जणांचे आंकडे जेथें पडतात, तीच बहुधा ‘सामान्य मर्यादा’ धरलेली असते. म्हणजे दर २० निरोगी माणसांत एकाला ती खूण मिळणारच. एकमेकींशीं संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्यास १०० निरोगी माणसांपैकीं सुमारें ६४ जणांच्या अहवालांत ती कोठेंतरी उमटेल.

अहवाल अडवून ठेवावा, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. रक्त घेतांनाच काय निघण्याचा संभव आहे, तें डॉक्टरांनीं सांगावें. अहवाल लगेच हवा कीं भेटीच्या वेळीं, तेंही विचारावें. आणि आंकड्याखालीं सोप्या मराठींत दोन ओळी व रात्रींही उचलला जाईल असा एक फोन असावा. एवढ्यानें यंत्राची गति कमी होणार नाहीं, आणि वाचणाऱ्यास सोमवारपर्यंत एकट्यानें अर्थ लावीत बसावें लागणार नाहीं.