रायतूर, कुंकळ्ळी आणि पप्पांचा एक प्रश्न

"तुम्ही ख्रिस्ती ना? मग घरी मराठी बोलता?" आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. प्रेमानेच विचारतात, त्यामुळे राग येत नाही. आम्ही बेळगावचे मराठी प्रॉटेस्टंट. घरात 'उपासना संगीत' आहे, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आहेत आणि पप्पांची शिस्त आहे. रविवारी क्रिकेट नाही, जेवणाआधी प्रार्थना, आणि लग्न विश्वासातच. मी दिवसभर कोड लिहितो, पण या बाबतीत मीही जुन्या वळणाचाच आहे.

यंदा फेब्रुवारीत मात्र शेवटच्या नियमाची परीक्षा आली. धाकट्या बहिणीने मडगावचा एक हिंदू मुलगा पसंत केला. पप्पा आठवडाभर बोलले नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "घर बघून येऊ. होकार समजू नका." मी लगेच गाडी काढली. संध्याकाळी चहाला बोलावणं होतं, पण आम्ही पहाटेच निघालो. वाटेत मला दोन ठिकाणं दाखवायची होती.

चोर्ला घाट उतरलो, साखळी, फोंडा मागे टाकलं आणि बोरीचा पूल ओलांडून रायतूरला पोचलो. इंग्रजीत याचंच राचोल होतं. जुवारीच्या काठी एकेकाळी किल्ला होता. आज त्याचा दरवाजा उरलाय, आणि टेकडीवर पांढरीशुभ्र सेमिनरी. इथेच 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. स्टीफन्स इंग्लंडचे, 1579 मध्ये गोव्यात आले आणि इथली भाषा अशी शिकले, की बायबलची कथा त्यांनी दहा हजारांहून जास्त ओव्यांत रचली. जुन्या कराराचं 'पहिलें पुराण', नव्याचं 'दुसरें'. लिपी रोमन, पण स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'! एकनाथ महाराजांना जाऊन तेव्हा जेमतेम सतरा वर्षं झाली होती. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज मिळत नाही.

चर्चमधल्या मूर्तींपुढे पप्पा थोडे अवघडून उभे होते. आमच्याकडे मूर्ती नसतात. मी मोबाईलवर काही ओव्या वाचून दाखवल्या, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "कॅथलिक असला तरी मराठी आपलीच आहे त्याची." पप्पांच्या तोंडी ही मोठीच कबुली.

मग मी 1684 चं सांगितलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या सत्तेच्या छायेत हे पुराण छापलं गेलं, तिलाच पुढे त्याची भाषा नको झाली. बेळगावच्या माणसाला भाषेचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. पप्पा नुसते "हं" म्हणाले.

खरी कसोटी पुढे होती. मडगाव ओलांडून आम्ही कारवारच्या रस्त्याने कुंकळ्ळीला गेलो. आधी इथली देवळं पोर्तुगीजांनी मोडली होती. 1583 च्या जुलैत चर्चसाठी जागा बघायला आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारलं. त्यांतले रुडॉल्फ आक्वाविवा काही काळ अकबराच्या दरबारात राहून आले होते. मग पोर्तुगीजांनी गावच्या म्होरक्यांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि निःशस्त्र असताना मारलं. आज गावात दोन्ही बाजूंच्या आठवणी उभ्या आहेत. जेझुइटांसाठी चॅपेल आहे, म्होरक्यांसाठी स्मारक.

मला वाटलं होतं, पप्पा चॅपेलपाशी थांबतील आणि स्मारकापाशी गाडीतच बसतील. ते दोन्हीकडे उतरले. स्मारकापाशी बराच वेळ उभे राहिले. मग विचारलं, "तलवार दाखवून बाप्तिस्मा दिला, तर तो कुणाचा असतो? देवाचा की राजाचा?"

मला उत्तर सुचलं नाही. लहानपणापासून आमच्या घरात मिशनऱ्यांच्या गोष्टी आहेत, शाळांच्या, दवाखान्यांच्या. त्या खऱ्या आहेत. पण 1560 ते 1812 गोव्यात इन्क्विझिशनही होतं, आणि तेही खरं आहे. आपला विश्वास खरा मानणाऱ्याने या इतिहासापासून पळू नये, असं मला त्या दुपारी पहिल्यांदा मनापासून वाटलं. त्या भागात देवळं मोडली तरी देवी गेली नाही. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला नेली. दर वर्षी शिगम्यात छत्र्यांची मिरवणूक निघते, तिच्यात गावचे ख्रिस्ती वांगडही मानाने असतात. माणसांनी मागचं विसरून नव्हे, ते सोबत घेऊन वाट काढलीय.

संध्याकाळी मडगावला चहा झाला, मग आग्रहाने जेवण. ताटं वाढल्यावर मुलाची आजी पप्पांना म्हणाली, "तुम्ही आधी प्रार्थना करता ना? मग करा की." पप्पांनी मराठीत प्रार्थना केली, नेहमीपेक्षा लहान. आजीने हात जोडले होते. बहीण ताटाकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर घाट लागेपर्यंत कुणी बोललं नाही. मग पप्पा म्हणाले, "मुलगा चांगला आहे. मला हे लग्न मान्य नाही, ते अजूनही नाही. पण लग्नासाठी बाप्तिस्मा घे, असं मी त्याला कधी सांगणार नाही. आणि आपल्या मुलीला कुणी तसं सांगू नये."

मागच्या सीटवर बहीण रडत होती की हसत, मला अंधारात कळलं नाही. घरी पोचल्यावर पप्पांनी रोजच्यासारखी प्रार्थना घेतली. त्यात शेवटी त्या मुलाचं नाव होतं.