सणानंतरचा वेष

तुळशीचीं लग्नें आटोपलीं, त्रिपुरी पौर्णिमा झाली, कीं पैठण्या पेटींत परत जातात; आणि दुसऱ्या दिवशीं साध्या सुती वस्त्रांत आपलेंच रूप आपणांस उणें भासूं लागतें. कित्येक भगिनी मग सारा मार्गशीर्ष हाताला येईल तें जुनेर गुंडाळून काढतात. हें मला पटत नाहीं.

सणाचा पोषाख बहुधा दुसऱ्याच्या आवडीचा असतो: ओवाळणीची साडी भावानें आणलेली, रंग सासूबाईंनीं पसंत केलेला. (‘नको’ म्हणण्याची सोय कोठें असते?) आपली म्हणून जी आवड, ती नित्याच्या वस्त्रांतच दिसावयाची. आमच्या अहमदनगर जिल्ह्यास २०२४ सालीं ज्यांचें नांव मिळालें, त्या अहिल्याबाई येथल्याच चौंडीच्या. त्यांनीं महेश्वरास विणकर वसविले. तेथील साडीचें अंग बहुधा साधें किंवा बारीक चौकडीचें. शोभा सारी कांठांत. रोजच्या वेषास याहून अधिक काय हवें?

पैठणी ठेवतांना मात्र घाई नको. अस्सल जरीची तार रुप्याची, वर सोन्याचा मुलामा. दमट राहिल्यास ती काळवंडते, आणि एकाच घडीवर रेशीम चिरतें. म्हणून सावलींत वारा देऊन, मागील घडी मोडून नवी घालावी व धुवट सुती कापडांत गुंडाळावी. त्याच बैठकींत आठवड्याचीं सुती वस्त्रें पोलक्यांसह जुळवून ठेवलीं, तर सकाळची शोधाशोध वांचते.

फराळानें पोलकें घट्ट झालें असेल, तर शिंप्याकडे द्यावें. चांगला शिंपी शिवणींत माया ठेवतोच.