चार चिन्हांची गोष्ट

वर्गात खेळ खेळावेत की नाहीत याविषयी मराठीच्या अध्यापकांत दोन पक्ष आहेत. आम्ही पुष्कळ वर्षे 'नाहीत' म्हणणाऱ्यांत होतो. साहित्य हे गंभीर प्रकरण आहे, त्याला चित्रांची आणि टाळ्यांची फोडणी देऊ नये, असे आम्ही एका चर्चासत्रात ठासून म्हटल्याचेही स्मरते. पुढे एका वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गाने 'माझ्या गावातील एक प्रसंग' या विषयावर लिहून आणलेले निबंध तपासताना आमच्या असे ध्यानात आले, की जवळजवळ प्रत्येक गावात एक वडाचा पार आहे, त्या पारावर एक पांढऱ्या मिशांचे आजोबा बसलेले आहेत आणि ते सर्वांना एकीचे महत्त्व पटवून देत आहेत. हे आजोबा कोणत्या गाइडातून आले ते आम्हांस नंतर कळले. लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गावांत पार होता की नाही, देव जाणे. तेव्हा आम्ही मुकाट्याने पक्ष बदलला.

जे खेळ आम्ही वर्गात आणले ते आमचे नव्हेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात फ्रेडरिक्सबर्ग येथे मेरी वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तेथे जिम ग्रूम यांनी २०१० साली डिजिटल कथाकथनाचा एक वर्ग घेतला आणि २०११ मध्ये तो महाजालावर सर्वांना खुला केला. 'डीएस १०६' या नावाने तो ओळखला जाऊ लागला. त्याचे वैशिष्ट्य असे, की स्वाध्यायांची एक पेढीच त्यांनी उघडली. कोणीही यावे, नवा स्वाध्याय ठेवावा, दुसऱ्याचा उचलून करून पाहावा. चित्रपटाची गोष्ट चार चिन्हांत सांगा, गाण्यांची नावे एकाखाली एक मांडून गोष्ट करा, अशा धर्तीचे हे खेळ. वरवर पाहता पोरखेळ. आम्हीही तसेच समजून सुरुवात केली.

पहिला प्रयोग पाच चित्रांचा. त्याची वंशावळ मनोरंजक आहे. अर्नी बुशमिलर यांच्या 'नॅन्सी' या वृत्तपत्रीय चित्रमालिकेच्या चौकटी सुट्या कापून, पत्त्यांसारख्या वाटून, एकापुढे एक लावत नवी गोष्ट रचण्याचा खेळ स्कॉट मॅक्क्लाउड यांनी काढला. त्यावरून ॲलन लव्हीन यांनी छायाचित्रांचा खेळ बेतला. पाच फेऱ्या, दर फेरीला समोर येतील त्या पाच छायाचित्रांतून एक उचलायचे, पुढच्या फेरीत काय येणार ते ठाऊक नाही, शेवटी हाती आलेल्या पाचांची गोष्ट लिहायची. आम्ही वर्गातल्या प्रत्येकाकडून त्याच्या भ्रमणध्वनीतले एक छायाचित्र मागून घेतले आणि गठ्ठा केला. त्यात बैल होते, पाण्याचा टँकर होता, बहिणीची हळद होती, आणि मोटारसायकली तर विचारू नका. गोष्टी लिहून आल्या. मोटारसायकलचे चित्र ज्याच्या वाट्याला आले त्याने पुढच्या चित्राआधी न चुकता अपघात घडवला होता. बैलानंतर टँकर आला की दुष्काळ, आणि दुष्काळानंतर हळद आली की कर्ज. पारावरचे आजोबा गेले होते, पण त्यांच्या जागी दुसरी मंडळी येऊन बसली होती.

मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या ग्रंथात दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीचे फार सुंदर विवेचन केले आहे. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड दाखवली, पुढच्या चौकटीत नुसती किंकाळी. घाव कोठेच रेखाटलेला नाही. मग तो घातला कोणी? वाचकाने. चित्रकार कुऱ्हाड उगारून थांबतो; ती खाली आणणारा हात वाचकाचा. हा मुद्दा आम्ही त्या दिवशी वर्गाला मोठ्या उत्साहाने समजावून दिला. पुढे त्याचा आम्हांलाच उपयोग होणार होता.

गाण्यांच्या नावांचा खेळ मात्र आमच्याकडे येताच पार बदलला. इंग्रजी गाण्याला नाव असते, आणि ते अनेकदा गाण्याबाहेर उभे असते, दारावरच्या पाटीसारखे. आपल्या गाण्याला असे नाव क्वचितच असते. अभंग असो, भावगीत असो, लावणी असो वा चित्रपटगीत, त्याचे आरंभीचे शब्द हेच त्याचे नाव. त्यामुळे नावांची यादी करायला बसलेल्या विद्यार्थ्यांपुढे प्रत्यक्षात बोललेल्या वाक्यांची यादी तयार झाली. आणि ही वाक्ये बहुतेक 'मी' 'तू'ला म्हणत असतो. तृतीय पुरुष तेथे फारसा येत नाही. परिणामी वर्गातल्या बहुतेक सर्व गोष्टी दोघांच्या भांडणाच्या किंवा मनधरणीच्या झाल्या. कथा मागितली होती, हाती नाट्यप्रवेश आले. शिवाय वाचून दाखवणारा दोन शब्द उच्चारतो न उच्चारतो तोच मागच्या बाकांवरून पुढची ओळ चालीसकट येई, त्यामुळे शांतता राखणे अवघड झाले ते निराळेच. एका विद्यार्थिनीने एकच अंगाई आरंभी आणि शेवटी ठेवली होती, मध्ये पाठवणीचे एक आणि विरहाची दोन गाणी. पहिल्या वेळी ते शब्द आईचे होते. दुसऱ्या वेळी ते कोणाचे, लेकीचे की लेकीच्या लेकीसाठीचे, यावर वर्ग तासभर भांडला. समस्यापूर्तीच्या जुन्या परंपरेत दिलेला चरण तोच राहतो आणि भोवतीचे श्लोक त्याचा अर्थ फिरवतात. त्याचीच ही नात म्हणायला हरकत नाही. असो.

तिसरा खेळ चिन्हांचा, आणि खरे सांगायचे ते याच्याविषयीच आहे. नियम असा: भ्रमणध्वनीत जी इमोजी सापडतील त्यांतली चार घ्यावीत, शब्द एकही नको, बोलायचे नाही. सरावासाठी आधी चित्रपट दिले. एकीने फळ्यावर पुस्तक, नाचणारी स्त्री, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि तराजू अशी चिन्हे काढली. वर्गाने एकमुखाने 'इंग्लिश विंग्लिश' म्हणून ओरडा केला. तिचे उत्तर होते 'पिंजरा'. १९७२ च्या या चित्रपटात गाव मास्तरांना मेले समजून त्यांचा पुतळा उभारते आणि त्याच मास्तरांवर त्यांच्या स्वतःच्या खुनाचा खटला चालतो. तिला पुतळा हवा होता, आणि त्या यंत्रात पुतळा म्हणून न्यूयॉर्कचा तेवढा मिळाला. आम्ही खूप हसलो. १९९९ साली जपानमध्ये शिगेताका कुरिता यांनी डोकोमो कंपनीसाठी १७६ चिन्हांचा संच काढला, तेथून हा पसारा आज हजारांच्या घरात गेला आहे; साडी, रिक्षा आणि पणती यांना त्यात जागा मिळायला मात्र २०१९ साल उजाडावे लागले. हे सर्व आम्ही गमतीची माहिती म्हणून सांगितले. गमतीपलीकडे त्यात काही असेल असे तेव्हा वाटले नाही.

मग स्वतःची गोष्ट सांगायला लावली. तिसऱ्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने चार चिन्हे काढली: कुलूप, मालमोटार, सुरी, दप्तर. हा मुलगा वर्गात क्वचित बोले. निबंधात पारावरचे आजोबा सर्वांत इमानाने त्यानेच उतरवले होते. वर्गाने क्षणात अर्थ लावला. कुलूप तोडले, टोळी मालमोटारीतून आली, घरमालकाला भोसकले, पैसे दप्तरात भरून पसार. कोणी दप्तरातल्या रकमेवर बोली लावली. मुलगाही हसत होता. आम्ही त्याच्या कागदावर दहापैकी चार गुण दिले आणि शेरा लिहिला, 'शेवट स्पष्ट नाही.'

तास संपल्यावर तो मागे रेंगाळला. "सर, सुरी नाही ती," म्हणाला. "कोयता हाय. मोबाइलमधे कोयता सापडला नाही."

आम्ही म्हटले, "बरं, मग?"

"कोयता म्हणजे आईबाप."

ज्यांना ऊसतोडीचे जग ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. आम्हांस ते ठाऊक असायला हवे होते, कारण आमचे महाविद्यालय त्याच पट्ट्यात आहे. तोडणीचा हिशेब माणसांत होत नाही, कोयत्यांत होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावोगाव मालमोटारी भरतात, घरांना कुलपे लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडतात. त्या मुलाला दर हंगामात आत्याकडे ठेवीत. दप्तर म्हणजे तो. "कोयता पुढं गेला, दप्तर मागं राहिलं," एवढेच तो म्हणाला, आणि अर्थ सांगावा लागला याचा त्यालाच संकोच वाटला. "वर्गात सांगू नका, सर," हेही म्हणाला.

आता आमची अवस्था पाहा. लक्षणा हा विषय आम्ही कित्येक वर्षे शिकवीत आलो. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'तले उदाहरण आमच्या तोंडी बसलेले: भाले आत शिरत आहेत, म्हणजे भाले धारण करणारे पुरुष आत शिरत आहेत. शस्त्र म्हणायचे, माणूस समजायचा, आणि शस्त्रही अर्थातून सुटायचे नाही, ही उपादान-लक्षणा. भाला घेतलेला माणूस आम्ही उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. त्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी हीच लक्षणा मुकादमाच्या वहीत दरसाल लिहिली जात होती, आईबापांच्या नावापुढे नव्हे, नावाऐवजी. त्या मुलाने ती कोणत्याही ग्रंथाविना ओळखली, वहीतून काढली आणि आपल्या कामी लावली. आम्ही तिला सुरी म्हणून चार गुण दिले.

कुलपाचाही विचार आम्ही नंतर पुष्कळ केला. चिन्हांच्या भाषेला क्रियापद नाही, काळ नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे तिला नकार नाही. 'घर' दाखवता येते. 'घरी कोणी नाही' कसे दाखवणार? त्याने कुलूप ठेवले. ते त्याचे नकारदर्शक अव्यय होते. आम्ही ते तोडून टाकले, कारण आम्ही पाहिलेल्या चित्रपटांत कुलूप तोडण्यासाठीच असते. मॅक्क्लाउड यांची कुऱ्हाड येथे आठवली. सुरी त्याने नुसती ठेवली होती. खून आम्ही केला. मधली कोरी पट्टी वाचकाच्या कल्पनेने भरते असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण ती कल्पना वाचक कोठून आणतो, हे सहसा विचारत नाही. मुलांच्या मोटारसायकलींना अपघात घडला तेव्हा आम्ही ठराविकपणाबद्दल त्यांना बोललो होतो. आमची स्वतःची शिदोरी काही निराळी निघाली नाही.

इतालो काल्विनो यांची 'द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज' ही कादंबरी आम्ही त्यानंतर पुन्हा वाचली. अरण्य ओलांडून आलेल्या प्रवाशांची वाचा गेलेली आहे आणि ते टॅरोचे पत्ते मांडून आपापली कहाणी सांगतात. पूर्वी आम्हांला त्या रचनेचे कोण कौतुक वाटे! या वेळी निराळीच गोष्ट खुपली. जी कहाणी आपण वाचतो ती पत्ते मांडणाऱ्याची नव्हे, पलीकडे बसून अर्थ लावणाऱ्या निवेदकाची. मांडणारा बिचारा मुका. चुकलात, असे म्हणायला त्याच्याजवळ शब्द नाहीत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथीतून एकेक चित्र पुढे धरतात तेव्हा शेजारी गाऊन सांगणारा माणूस असतो, म्हणून तेथे चित्र अनाथ होत नाही. आमच्या नियमात 'बोलायचे नाही' असे होते. तो नियम आम्ही पुढल्या वर्षी बदलला: आधी वर्गाने अर्थ लावायचा, मग मांडणाऱ्याने, ज्याला सांगायचे असेल त्याने, आपला सांगायचा, आणि गुण कोणालाच नाहीत. याने खेळातली थोडी मजा गेली, हे कबूल केले पाहिजे. कोडे सुटल्याची टाळी आता पडत नाही.

त्याच्या कागदावरचा शेरा आम्ही खोडला, पण गुण आधीच पटावर चढले होते. पदवी घेऊन जाताना तो भेटायला आला तेव्हा हे कोठे लिहिले तर चालेल का, असे आम्ही विचारले. "लिहा की," म्हणाला, "नाव तेवढं नको." वर्गाला मात्र त्याने कधीच सांगितले नाही, आणि शब्द दिलेला असल्याने आम्हीही नाही. त्या वर्गापुरती ती गोष्ट अजून दरोड्याचीच आहे.